डिकीतली पुस्तकं

चि. मुक्तास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचा एक वाजला होता. नवे खेळाडू शोधायच्या तुझ्या कामासाठी कॅन्ससमधल्या विचिटाची बेसबॉलची मॅच बघून तू सलायनापर्यंत आली होतीस, गॅस स्टेशनवर कॉफी घेत होतीस आणि अजून तीन तासांत लिंकन गाठते म्हणालीस. त्या डावखुऱ्या पोराबद्दल किती भरभरून सांगत होतीस! मी मधेच विचारलं, झोपणार कधी. तू म्हणालीस, "आई, तुला एवढंच ऐकायचं असतं," आणि फोन ठेवलास. तुझा "पोचले" असा मेसेज आला तोवर चार वाजून गेले होते. बाबांना मी उठवलं नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर आपलं दोघींचं एका वाक्यात वाजतं. गाडीचा विषय मी काढणार नाही, हे आधीच सांगते. मला पुस्तकांबद्दल लिहायचंय. तू निघालीस त्या दिवशी बाबांनी डिकीत जे खोकं ठेवलं ते तू अजून उघडलं नसणार. त्यात माझी बेसबॉलची पुस्तकं आहेत. सगळी नाहीत, पण जी मी कुणाला उसनीसुद्धा देत नाही ती. दादाला वाटतं मी कपाट रिकामं करतेय. मी काही रिकामं वगैरे करत नाही. तुझ्याकडे असावीत म्हणून दिली.

मी इथे अमेरिकेत १९९३ साली आले तेव्हा हा खेळ कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. बाबा सकाळी सातला जायचे, मला गाडी येत नव्हती, आणि त्या बर्फात चालत जाण्यासारखी एकच जागा होती, लायब्ररी. फेब्रुवारीत ‘समर’ हा शब्द दिसला म्हणून एक पुस्तक उचललं. रॉजर एंजलचं ‘द समर गेम’, १९७२ सालचं. पहिली वीस पानं काही कळलं नाही. पण माणूस असा लिहीत होता की त्याला काय दिसतंय ते मलाही दिसावं असं वाटायला लागलं. मग मी मुलांच्या विभागातून नियमांचं चित्रांचं पुस्तक आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचत बसले. मैदानात जाऊन मॅच पाहिली ती पुढच्या उन्हाळ्यात. तोपर्यंत मी हा खेळ नुसता वाचला होता.

मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. आम्ही कोल्हापुरात क्रिकेटही असंच ऐकलं होतं, बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीतून, रेडिओला कान लावून. न पाहिलेला खेळ डोळ्यांपुढे उभा करायची सवय होती. आणि आजोबा होते. भाऊसाहेब निंबाळकरांची १९४८ची ती खेळी आजोबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आपणच पुण्याच्या मैदानावर बसलो होतो असं वाटायचं. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम हाताशी आला होता आणि काठेवाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. आजोबा त्या जागी येऊन थांबायचे आणि पानाचा डबा उघडायचे. पुढं काही बोलायचे नाहीत. बेसबॉलची पुस्तकं वाचताना मला तीच जागा पुन्हा पुन्हा भेटते. म्हणूनच मी त्यांना इतकी चिकटले असेन.

खोक्यात सगळ्यात वर लॉरेन्स रिटरचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ आहे. ते आधी वाच. रिटर न्यूयॉर्क विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा. १९६१ साली टाय कॉब हा जुना नामवंत खेळाडू गेला आणि त्याच सुमारास रिटरचे स्वतःचे वडीलही गेले. तेव्हा त्याच्या मनानं घेतलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना गाठायचं आणि बोलतं करायचं. टेपरेकॉर्डर घेऊन तो पंच्याहत्तर हजार मैल फिरला. सॅम क्रॉफर्ड या तशाच एका जुन्या खेळाडूचा पत्ता त्याला कुणी देईना. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला पावणेदोनशे ते सव्वादोनशे मैलांच्या पट्ट्यात कुठंतरी राहतो, एवढंच कळलं. दिवसेंदिवस शोधून थकला आणि एका लहानशा गावात कपडे धुवायला लॉन्ड्रोमॅटमध्ये बसला. शेजारी एक म्हातारा बसला होता. रिटरनं सहज विचारलं, सॅम क्रॉफर्ड नावाचं कुणी ओळखता का. तो म्हातारा म्हणजेच क्रॉफर्ड! हे पान मी तुला दहावीत असताना वाचून दाखवलं होतं, तू डोळे फिरवले होतेस. आता तुझं काम तेच आहे. तो सत्तरी-ऐंशीतली माणसं शोधत होता, तू अठरा वर्षांची पोरं शोधतेस, एवढाच काय तो फरक. आणि पुस्तकाचे जे पैसे आले ते त्यानं त्या खेळाडूंनाही वाटून दिले. हे मला फार आवडतं.

पंच्याहत्तर हजार मैल, पण पाच वर्षांत. तू मार्चपासून आतापर्यंत किती केलेस ते मी विचारत नाही.

त्याखाली रॉजर कानचं ‘द बॉइज ऑफ समर’. हे पुस्तक मी वर्षाआड वाचते हे तुला माहीत आहे. ब्रुकलिन डॉजर्स हा संघ. ते १९५७च्या मोसमानंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले आणि पुढं बऱ्याच वर्षांनी कान त्या जुन्या खेळाडूंच्या घरोघर गेला. कार्ल फुरिलो तेव्हा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवत होता. उजव्या कोपऱ्यातून ज्याचा थ्रो बघायला माणसं पैसे मोजायची, तो हेल्मेट घालून डबा खात बसलेला. बेसबॉल संपल्यावर माणूस कसा जगतो हे दुसऱ्या कुणी इतकं नीट सांगितलेलं मी वाचलं नाही. तू ज्या पोरांच्या कागदावर वीस ते ऐंशीमधले आकडे लिहितेस ना, पन्नास म्हणजे सर्वसाधारण, साठ म्हणजे चांगला, त्या पोरांचं पुढं काय होतं ते या पुस्तकात आहे. आकडा लिहिण्याआधी एकदा वाच.

रॉय कॅम्पनेला त्याच संघाचा कॅचर. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. १९५८च्या जानेवारीत रात्री हार्लेममधलं आपलं दुकान बंद करून घरी निघाला. गाडी भाड्याची होती. लाँग आयलंडवर बर्फावरून घसरली आणि खांबावर आदळली. छत्तीस वर्षांचा होता. उरलेलं सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सकडून तो एकही मॅच खेळला नाही. आणि त्याच संघातल्या जॅकी रॉबिन्सनचा मोठा मुलगा. व्हिएतनामहून जखमी होऊन आला, नशेत अडकला, त्यातूनही बाहेर पडला, दुसऱ्यांना बाहेर काढायचं काम करायला लागला. १९७१च्या जूनमध्ये रात्री उशिरा एकटाच घरी येत होता. चोवीस वर्षांचा. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॅकी गेला.

काढणार नव्हते हा विषय. पण काय करू, माझ्या कपाटात तो आहेच. मी मुद्दाम शोधून ही पुस्तकं घेतली नव्हती.

जिम बाउटनचं ‘बॉल फोर’सुद्धा आहे. ते तू चोरून वाचलं होतंस हे मला माहीत होतं. त्यातल्या शिव्यांमुळे मी वरच्या फळीवर ठेवायची आणि तू स्टूल घ्यायचीस. १९६९च्या एका मोसमाची त्याची डायरी, खेळाडू आतून कसे असतात ते सगळं लिहिलेलं. खेळाच्या कमिशनरनं त्याला बोलावून घेतलं, हे सगळं खोटं आहे असं लिहून दे म्हणाला. बाउटननं दिलं नाही. पुढं कितीतरी वर्षं यँकीज, म्हणजे त्याचाच जुना संघ, आपल्या जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला त्याला बोलवत नसत. मग १९९७ साली त्याची मुलगी गाडीच्या अपघातात गेली. दुसऱ्या वर्षी फादर्स डेला त्याच्या मुलानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये यँकीजना उघड पत्र लिहिलं की आता तरी माझ्या बाबांना बोलवा. आणि त्यांनी बोलावलं. १९९८च्या जुलैमध्ये म्हातारा बाउटन पुन्हा त्या मैदानावर उभा राहिला. मला आनंदच व्हायला हवा ना हे वाचून? होतो. पण मी त्या मुलीपाशीच अडकते.

सुहासकाकाचं मी काही लिहीत नाही. तुला सगळं माहीत आहे.

त्या दिवशी तू म्हणालीस, तूही रात्रीची गाडी चालवायचीसच की. हो, चालवायचे. लॅबची दुपारची पाळी अकराला सुटायची आणि घर पंचवीस मिनिटांवर. रस्ता ओळखीचा, दिव्यांचा. तुझा तो एटी-वन हायवे मी नकाशावर पाहिला. सलायना सोडल्यावर मैलोन्‌मैल काहीच नाही. हरणं असतात म्हणे. माणूस कॉफीनं जागा राहत नाही मुक्ता, नुसता जागा असल्यासारखा वाटतो. वीस वर्षं मी रात्रपाळीवाल्यांच्यात काढली, मला कळतं ते. मॅच दहाला संपली की तिथंच झोपावं, सकाळी सहाला निघावं. आठशे मैलांचा आठवडा असला तरी कुणी रात्रीच गाठ म्हणून सांगत नाही. सांगत असेल तर तसं मला सांग.

झालं सुरू माझं. माफ कर. तुझं वय सव्वीस आहे आणि तुझ्या कामातलं तुला जास्त कळतं. मी दुसरंच सांगायला बसले होते.

तुला आठवतं, माझी दुपारची पाळी असली की तू रेडिओवर मॅच ऐकून वहीत स्कोअर मांडायचीस? चौकोनी रेघांची, बाबांच्या ऑफिसातून आणलेली वही. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. सहा-चार-तीन लिहिलं की डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात दोघं बाद, आणि बॅट न फिरवता बघतच राहून बाद झाला तर इंग्रजी के उलटा. नऊ वर्षांची होतीस, तो उलटा के तुला जमायचा नाही, आरशात बघून काढायचीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मला एकेक इनिंग सांगायचीस, कोण कधी धावला, कोणाचा चेंडू कुठं गेला. मी ऐकायचे आणि विचारायचे, मग? येताना गाडीत रेडिओ लावून शेवट मी ऐकलेला असायचा. तुला कधी कळू दिलं नाही. पुढं डोरिस कर्न्स गुडविनचं ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ वाचलं. तिचे वडील कामावरून आले की ती त्यांना डॉजर्सची मॅच अशीच वहीतून सांगायची. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळं छापून येतं हे त्यांनी तिला सांगितलंच नाही, त्यामुळे आपण सांगितलं नाही तर बाबांना कळणारच नाही असं तिला वाटायचं. ती पुढं इतिहासकार झाली. मी ते पान किचनमध्ये उभ्यानं वाचलं आणि भाजी लागली खाली. ते पुस्तक खोक्यात आहे. तुझी वही नाही, ती मी देणार नाही.

आणि २००४! आजी आली होती तेव्हा. २७ ऑक्टोबरला आपले बोस्टनचे रेड सॉक्स सेंट लुइसला वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच खेळत होते आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. आजीनं जेवण लवकर उरकायला लावलं, वेध लागले म्हणून पाणीसुद्धा घेईना, माळ घेऊन बसली. टीव्हीवाले मधूनमधून तो लाल चंद्र दाखवत होते. तुला झोपेतून उठवून आणलं, पाच वर्षांची तू, बाबांच्या मांडीवर. १९१८ नंतर पहिल्यांदा जिंकले, शहाऐंशी वर्षांनी. शेजारचा म्हातारा अंगणात येऊन रडत होता. आजीनं विचारलं, याचं कोण गेलं? बाबांनी सांगितलं, कुणी गेलं नाही, जिंकलेत. ती म्हणाली, मग ग्रहण सुटल्यावर त्यालाही आंघोळ करायला सांग.

तुझा मला किती अभिमान आहे हे मी नीट कधी सांगितलेलं नाही. सोळा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर जाळीमागे बसून तू मला म्हणालीस, हा पिचर कर्व्ह, वळणारा चेंडू, टाकण्याआधी ग्लोव्ह जरा उघडतो. मी तीन इनिंग बघत होते, मला दिसलं नव्हतं. त्यानंतर दिसायला लागलं. पुस्तकांतून मी जे गोळा केलं ते सगळं एकीकडे आणि तुझी ती नजर एकीकडे. मंडळातल्या बायका विचारतात, मुलगी काय करते. मी सांगते, स्काउट आहे. त्यांना वाटतं मुलींच्या स्काउटमध्ये आहे. मी बसून सगळं समजावते, केव्हिन केरेननं स्काउटांवर लिहिलेल्या ‘डॉलर साइन ऑन द मसल’सकट. १९८४चं आहे, जुनं, पण तुझ्या धंद्यावर त्याच्याहून चांगलं मी वाचलेलं नाही.

कॅन्सस सिटीला जाशील तेव्हा निग्रो लीग्जचं, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या त्यांचं, म्युझियम बघ. एकटी नको, एखादी सुट्टी काढून, दिवसा. बक ओनील कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला, मग शिकागोच्या कब्ज संघासाठी वर्षानुवर्षं स्काउट म्हणून दक्षिणेतली गावं पालथी घातली. लू ब्रॉकसारखा खेळाडू त्यानंच शोधला. काळ्या माणसाला कुठं खोली मिळेल, कुठं जेवण, याचीही खात्री नसायची तेव्हाच्या रस्त्यांवर. २००६ साली निग्रो लीग्जच्या सतरा जणांना कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, खेळाच्या मानाच्या दालनात, घेतलं आणि बकला घेतलं नाही. तर चौऱ्याण्णव वर्षांचा हा माणूस कूपर्सटाउनला जाऊन त्या सतरा जणांसाठी बोलला, समोरच्या गर्दीला हात धरायला लावून गाणं म्हणायला लावलं. ऑक्टोबरमध्ये गेला. त्याचं नाव पुढं २०२२ साली लागलं. जो पोझनान्स्कीचं ‘द सोल ऑफ बेसबॉल’ त्याच्या अखेरच्या काळातल्या प्रवासावर आहे. आजोबा पानाच्या डब्यापाशी थांबायचे तिथं हा माणूस थांबला नाही. तेवढ्यासाठी तरी ते वाच.

लॉरेन्स, कॅन्सस तुझ्या वाटेवर आहे का? बिल जेम्स तिथं बीन्सचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. रात्रभर बसून बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ साली स्वतःच झेरॉक्स काढून पुस्तिका विकल्या, शंभरही खपल्या नाहीत. पंचवीस वर्षांनी आपल्या रेड सॉक्सनी त्याला नोकरीवर घेतलं. बघ, तोही रात्रीच जागला. पण खुर्चीत बसून.

सगळ्यात खाली डेव्हिड हाल्बरस्टॅमचं ‘द टीममेट्स’ ठेवलंय, लहानसं आहे. २००१च्या ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सचा जुना खेळाडू टेड विल्यम्स फ्लोरिडात अंथरुणाला खिळला होता. त्याचे संघातले सोबती, डॉमिनिक डिमॅजिओ चौऱ्याऐंशीचा, जॉनी पेस्की ब्याऐंशीचा. इथून, आपल्या मॅसॅच्युसेट्समधून, एका मित्राला बरोबर घेऊन गाडीनं निघाले आणि तीन दिवसांत पोचले. चौथा सोबती बॉबी डोअर, त्याला यायचं होतं, पण बायको आजारी, तिला सोडून आला नाही. तिघं जुन्या मॅचेसवर बोलत गेले, रात्री मुक्काम केला, सकाळी पुन्हा निघाले. डॉमिनिकनं टेडला गाणी म्हणून दाखवली. दुसऱ्या जुलैत टेड गेला. माझ्या कपाटातला गाडीचा हा एकच प्रवास मला शांतपणे वाचता येतो. ज्यानं तो लिहिला तो हाल्बरस्टॅम २००७ साली कॅलिफोर्नियात गाडीच्या अपघातातच गेला, एका मुलाखतीला जाताना. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं. तुझ्यापासून लपवून काय करू?

माझं मागणं एवढंच आहे. मॅच संपल्यावर तुला झोप येत नाही हे मला कळतं, डोक्यात सगळे चेंडू फिरत असतात. माझंही तसंच व्हायचं. तेव्हा गाडी काढू नकोस. खोली घे, पाय वर करून बस, यातलं एखादं काढ. चाळीस पानांत झोप येते, रिटरला थोडी उशिरा येते. आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. तो डावखुरा पोरगा शेवटच्या इनिंगमध्ये थकला होता की त्याचा हात तसाच पडतो, हे तू सांगायची राहिलीस. मी मधे बोलणार नाही.

बाबा आणि दादा मजेत. आजीचा गुडघा दुखतोय.

तुझी,
आई

ता. क. दादानं तुझ्या नावानं मोटेलचं एक कार्ड काढलंय, पत्रासोबत आहे. पैसे माझ्या खात्यातून जातील, त्यावरून भांडू नकोस. खोक्याच्या कोपऱ्यात मेथीच्या लाडवांचा डबा आहे, तो आजच बाहेर काढ. एरवी महिनाभर टिकतात, पण कॅन्ससच्या उन्हात बंद डिकीत टिकणार नाहीत आणि तूप पुस्तकांना लागेल.